परत दाखवा

त्या तासाला कॉम्प्युटर लॅब माझी होती. दार उघडलं, तर पडद्यावर रंगीत खांब इकडून तिकडे सरकत होते आणि एक अनोळखी माणूस मुलांना विचारत होता, "आता कोण कोणाशी जागा बदलणार?"

"हा तास माझा आहे," मी म्हटलं.

"असेल… पण मुलं रंगलीत. पाच मिनिटं बसता का?"

बसले. आकडे चढत्या क्रमाने लावणारा हाच प्रोग्रॅम मी फळ्यावर घसा फोडून शिकवला होता. इथे प्रत्येक आकड्याचा एक खांब होता; प्रोग्रॅमची एकेक ओळ चालायची, तसतसे खांब सरकायचे, आणि मागच्या बाकावरची माझी झोपाळू मंडळी चक्क भांडत होती — लाल आधी की निळा?

आमच्या एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, त्यांच्या जागी तो आलेला. मुलं त्याला 'चित्रकार' म्हणायची. त्याची ती हलती चित्रं शिकायला म्हणून मी कॉलेज सुटल्यावर थांबू लागले.

"कळलं?" तो विचारायचा.

"नाही. परत दाखवा."

"काल तर कळलं होतं."

"काल नीट कळलं नव्हतं."

तो ओठांतल्या ओठांत हसायचा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. मी पडद्याकडे बघतेय, अशी त्याची समजूत असावी.

घरी आई म्हणायची, "किती अवघड असतं गं ते शिकायला?"

"फार," मी म्हणायचे.

मग मॅडम परत आल्या. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. निरोपाच्या वेळी तो माझ्यासमोर जरा जास्तच रेंगाळला, आणि मी काय म्हणावं… "शुभेच्छा."

आता वर्गात खांब मी सरकवायचे. मुलांना पटापट समजायचं. माझंच कशात मन लागत नव्हतं.

शेवटी एका दुपारी, रिकाम्या स्टाफरूममधून फोन लावला.

"चित्रं अडकलीत," मी म्हटलं.

"कुठल्या ओळीवर?"

मला ओळ सुचेना. "अडकली नाहीत. मला… तुमची आठवण येते. रोज."

फोन कटला की काय, म्हणून मी स्क्रीन बघितली.

"मला वाटलं, तुम्हाला फक्त चित्रं आवडतात," तो हळूच म्हणाला. "रविवारी येऊ?"

"या."

"या नको. ये म्हण."

मी उठून स्टाफरूमचं दार लोटून घेतलं. मग म्हटलं —

"ये."