बापाच्या डोक्याला हात

दिवा बारीक कर, पिसिला. आणि तो फोन पालथा ठेव. नर्सिंगला जायचंय ना तुला? मग ऐक. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. वरच्या आळीतल्या लोसालिनेची आहे. परदेशात, पागो पागोला नोकरीवर जायच्या आदल्या रात्री तिनं ती मला स्वतःच्या तोंडानं सांगितली.

ऑगस्टातला दुसरा शनिवार होता. लोसालिने आदल्याच दिवशी फिजीहून परतली होती. भूल द्यायचं काम तिचं. आपल्या अख्ख्या वावाऊ बेटात ते करणारी तेव्हा ती एकटी. दर थोड्या वर्षांनी तिकडं जाऊन नवं शिकून यावंच लागतं, नाहीतर हातातलं काम जातं. या खेपेला वरच्या परीक्षेचा कागद मिळाला होता. त्या कागदावर पागो पागोच्या इस्पितळात जागा, पगार डॉलरात. तेच सांगायला ती संध्याकाळी बापाकडे गेली, बिस्किटांचा डबा घेऊन.

बाप, केलेपी म्हातारा, चटईवर पोट धरून आडवा. पण जीभ शाबूत.

"एवढे महिने काय शिकलीस गं? माणसं झोपवायला? आपला पाद्री दर रविवारी फुकट झोपवतो."

"बाबा, पोट कधीपासून दुखतंय?"

"तुझा डबा बघितल्यापासून."

ती हसली. पोटाला हात लावला, आणि हसू तिथंच राहिलं. पोट लाकडासारखं कडक.

त्याला उचलून इथल्या इस्पितळात नेलं. अपेंडिक्स फुटलेलं. डॉक्टर फोनुआ म्हणाले, सकाळपर्यंत थांबलो तर हा जातो. दुसऱ्या बेटावरच्या मोठ्या इस्पितळात न्यावं तर विमान सोमवारी. रविवार देवाचा, त्या दिवशी आपल्याकडे पाखरं तेवढी उडतात.

मग भूल कोण देणार? लोसालिनेच. आणि भूल देणारा उभा कुठं राहतो? डोक्याशी.

"पण आजी, बापाच्या डोक्याला..."

हो. लेकरानं बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही. तुला ठाऊक, मला ठाऊक, तिला ठाऊक नव्हतं होय? परवानगी मागावी तर ती केलेपीच्या थोरल्या बहिणीकडं, तुइफुआकडं. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. पण तुइफुआ वर्षापूर्वीच मातीआड झालेली.

लोसालिने बाहेर बसलेल्या घरच्यांकडे आली. "काका, सांगा ना. काय करू?"

काका म्हणाला, "तुझी आत्या असती तर तिला विचारलं असतं."

"ती नाहीये, काका."



मध्यरात्र उलटली. तिनं शिरेतून औषध दिलं. म्हातारा झोपला. श्वास थांबला. तो थांबणारच होता, आता श्वास तिनं द्यायचा. पण घशात नळी बसेना. मग एकच उपाय. तोंडावर मास्क दाबायचा आणि हनुवटी वर उचलून धरायची, शेवटचा टाका पडेपर्यंत. सोडली की घसा मिटला.

तिचे हात उठेनात.

नाडीचं यंत्र वाजत होतं. टुक... टुक... त्याला सूर असतो, पोरी. अंगातली हवा कमी झाली की तो सूर खाली येतो.

तो उतरू लागला.

"लोसा, धर ना!" डॉक्टर ओरडले.

सूर आणखी उतरला.

"आत्या, मला क्षमा कर," ती पुटपुटली. आणि दोन्ही हातांनी तिनं बापाचं डोकं धरलं.

सूर हळूहळू वर चढला.

आणि मागून वास आला. चंदन घातलेल्या खोबरेलाचा. मेलेल्या माणसाच्या अंगाला लावतात ना... तोच.

तिच्या मागं भिंत होती. भिंतीत आणि तिच्यात जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा.

कुणीतरी श्वास घेतला. तिच्या कानाशी.

समोर हत्यारं द्यायला फुसी नर्स उभी होती. फुसीनं वर पाहिलं. लोसालिनेच्या खांद्यावरून मागं पाहिलं. आणि मान खाली घातली. पुन्हा वर केलीच नाही.

"फुसी... मागं कोण आहे?"



मानेला बोटं लागली. गार.

वळावं तर हनुवटी सुटते. हनुवटी सुटली तर बाप जातो.

ती वळली नाही.

कर्र...

वाळलं पान कापावं तसं.

कर्र... कर्र...

तिचे दात वाजत होते. हात हलले नाहीत.

मग काही नाही. नुसतं टुक... टुक...

पहाटे शेवटचा टाका पडला. केलेपी आपला आपण श्वास घ्यायला लागला. डोळे उघडून पाणी मागितलं. बघतेसच की, आजही टारोच्या शेतात कुदळ मारतो.

लोसालिने हात धुवायला गेली. केस रात्री वेणी घालून टोपीत कोंबलेले. टोपीच्या नाडीची गाठ तिनं स्वतः मारलेली, तशीच घट्ट. तिनं ती सोडली. टोपी काढली.

टोपीबरोबर वेणीही हातात आली. अख्खी. मानेपासून सरळ कापलेली.

...

"आजी... आपल्यात लेकीचे केस बाप मेल्यावर कापतात ना? आणि ते आत्याच कापते..."

"हो."

"पण केलेपी आजोबा तर जिवंत आहेत."

"हो, पोरी. जिवंत आहे."