वाकडी वाट

कुवरसिंग दिवालीला पहिल्यांदा आडवा आला तेव्हा तिच्या टोपलीवर सागाची पानं होती आणि पानांखाली अळंबी. तो निंदणीपुरता बहिणीकडे आलेला.

“मनी बकरी दखी का?”

“कशी शे?”

“धवळी.”

दिवालीनं नकाराची मान हलवली आणि गावाकडे न जाता नाल्याकडे वळली. शिरपूरच्या वरच्या अंगाच्या या गावात अळंबीचं वारूळ आई मुलीला दाखवते आणि मुलगी फक्त नवऱ्याला. त्यामुळे टोपली भरली की बाई लांबून फिरून येते. उगवतीला तोडायची, मावळतीकडून घरी यायचं. “कुठून आणली?” असं कुणी विचारत नाही. विचारतात ते एकटे दुकानदार रिखबचंद शेठ; जैन माणूस, अळंबी खातही नाही, विकतही नाही, म्हणून त्यांना माफ.

दुसऱ्या दिवशी भुरभुर होती, साग ठिबकत होते… आणि वाटेवर तोच.

“आज काळी हरपनी.”

“तुनी बहीणकडे बकऱ्या किती?”

तो थांबला. “एक बी नही.”

दिवाली हसली नाही. पदर दातात धरला, एवढंच.

“अळंबीना मागे शे तू.”

“माले अळंबी आवडत नही.”

“मंग तू काय कामना?”

“आवडी जाई…”

पुढे रोज एक बकरी हरवली. मग निंदणी संपली. उद्या तो परत जाणार हे त्याच्या बहिणीनं विहिरीवर सांगितलं, आणि दिवालीची कळशी भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही.

सकाळी तो वाटेवर उभा होता, बकरीचं नाव न काढता.

“चाल,” ती म्हणाली.

वारुळावर पांढऱ्या छत्र्या दाटल्या होत्या. त्यानं हात घातला. तिनं मनगटावर चापट दिली.

“बारक्या ऱ्हाऊ दे. उद्याले.”

“उद्या मी नही.”

“मी त शे.” ती मातीकडे बघत म्हणाली, “…तू बी ऱ्हाय ना.”

त्यानं भरलेली टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि शहाण्यासारखा नाल्याकडे वळला.

“तिकडे कोठे?”

“वाकडी वाट…”

“आज सरळ.”

दोघं भर गावातून आले, पुढे टोपली, मागे ती. वारुळाची दिशा गावाला कळली. पण दिशेकडे बघत होतं कोण?

रिखबचंद शेठांनी तराजू खाली ठेवला. “काय दिवाली, आज सरळ कशी?”

“शेठ, यानी बकरी सापडनी.”

शेठांनी टोपलीकडे पाहिलं, कुवरसिंगच्या लाल कानांकडे पाहिलं.

“कोणत्या रंगाची?”