पाइपावरचं उत्तर

आईला न्यायला बेबी भरदुपारी आली, ती टेम्पो घेऊनच. चाळिशी उलटली तरी तिला सगळं गाव बेबीच म्हणायचं. अर्थात म्हणायला गावात आता उरलंच होतं कोण म्हणा! कोळशाची खाण कधीच बंद पडली होती. खालची जमीन पोकळ, त्यामुळे वरची घरं एकेक करून खचत चालली होती. आईच्या स्वयंपाकघरातल्या भेगेतून आता हात आरपार जात होता आणि आई मात्र तिथंच ठाण मांडून बसली होती.

दारात उभी राहिली आणि बेबीला लहानपण आठवलं. वाळत घातलेल्या पांढऱ्या फ्रॉकवर संध्याकाळपर्यंत काळी झाक चढायची. नाक शिंकरलं तरी काळंच. कोळशाच्या ढिगावरून पत्र्यावर बसून घसरायचं आणि घरी येऊन पाठीत धपाटे खायचे. फार मजेचे दिवस होते ते. मग एका सकाळी खाण ढासळली आणि बाबा खालीच राहिले.

खाणवाल्यांची एक रीत होती. खाली अडकलेला माणूस पाइप ठोकायचा. वर ज्याला ऐकू येईल त्यानं तसंच ठोकून सांगायचं, आम्ही आहोत. आणि ज्यानं उत्तर दिलं, त्यानं माणूस वर येईपर्यंत जागा सोडायची नाही. खाणीतलं पाणी घरात आणणाऱ्या पाइपावर त्या दिवशी ठकठक झाली आणि आईनं उत्तर दिलं. पुढे खाणीचं तोंड बुजवलं, पण आई काही उठली नाही. बेबीच्या लग्नालासुद्धा आली नाही. तो राग बेबीच्या मनातून अजून गेला नव्हता.

“चल ना आई, टेम्पोवाला कावलाय.”

“मी कुठं नाही म्हणतेय?” बाबांचा नट आवळायचा लोखंडी पान्हा मांडीवर घेऊन आई पाइपाशी बसली होती. “पण इथं कुणीतरी बसायला हवं ना गं.”

“अगं, पाइप भंगारवाल्यांनी कापून नेलाय! मागे जाऊन बघ. भिंतीत नुसता तुकडा उरलाय.”

“हो, माहितीये मला.”

तेवढ्यात आवाज आला. ठक ठक… ठक.

आईनं पान्हा उचलला नाही. ती नुसती बेबीकडे बघत राहिली. ठकठक वाढली, घाईची झाली, श्वास कोंडलेल्या माणसानं दार बडवावं तशी. बेबीला ते सहन होईना. खाली बाबा होते! तिनं झडप घालून पान्हा घेतला आणि ठोकला. ठक ठक… ठक.

सगळं शांत झालं.

आईनं मोठा सुस्कारा सोडला, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि पिशवी काखोटीला मारली.

“मग… येऊ मी?”

“आई, थांब!” बेबी दाराकडे धावली. तिची दोन पावलं पडतात न पडतात तोच पाइप असा बडवला गेला की भिंतीचा गिलावा खाली आला. भेग सरसर वर चढली. बेबी मुकाट्यानं मागे फिरली आणि ठोकू लागली. भिंत शांत झाली.

“आई… हे असंच…?”

“उत्तर देत राहायचं, बेबी. दुसरं काही नाही.” आईच्या आवाजात माया होती, पण ती उंबरा ओलांडून गेली होती. “तुझ्या लग्नात काय मला यायचं नव्हतं?”

टेम्पो सुरू झाला, लांब गेला. स्वयंपाकघरात ओल्या कोळशाचा वास दाटला. बेबीला हुंदका फुटला. निदान बाबा तरी आहेत, असं मनाला समजावत तिनं पाइपाच्या तोंडाला कान लावला.

“बाबा…?”

आत बराच वेळ काहीच नव्हतं. मग अगदी कानाजवळ कुणीतरी हळूच म्हणालं,

“आज हात वेगळा आहे…”

तो आवाज बाबांचा नव्हता.