गुण नसलेला प्रश्न

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना हेमांगी कडोलीकरने डोक्याला पट्टी लावून घेतली. पट्टी रबरी आणि हलकी होती, आतून थोडी ओलसर. टेबलावर दोन दिवे होते, एक हिरवा, एक पिवळा. खिडकीबाहेर फिनलंडमधल्या वासा शहरावर फेब्रुवारीतला बर्फ पडत होता.

नागरिकत्वाची ही तिची तिसरी आणि शेवटची परीक्षा. नापास झाली तर नव्वद दिवसांत फिनलंड सोडावं लागणार होतं. नवरा निनाद आणि आठ वर्षांची ईरा आधीच नागरिक होते. ते मागे राहणार होते.

प्रश्न अवघड नसत. राजधानी कोणती, स्वातंत्र्यदिन कधी, शेजारी कोण, अशी देशाची साधी माहिती, एकूण दहा प्रश्न. आधीच्या दोन्ही वेळी हेमांगीची दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती आणि दोन्ही वेळी ती नापास झाली होती. कारण ही पट्टी. तिला स्मृतिमापक म्हणत. पाठ केलेली गोष्ट आठवताना मेंदूतला शब्दांचा भाग तेवढा जागा होतो. जगलेली गोष्ट आठवताना त्याच्याबरोबर वास, थंडी, जागा, हातपाय यांचे भागही जागे होतात. पहिल्याला पिवळा दिवा, दुसऱ्याला हिरवा. माणसाने देश पाहिला आहे की नुसतं पुस्तक, एवढंच सरकारला जाणून घ्यायचं होतं. सहा उत्तरं बरोबर आणि हिरवी आली की पास. चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात पहिल्या आलेल्या हेमांगीला गेल्या वेळी तीन हिरवे दिवे मिळाले होते.

"आधी तुलनेचे तीन प्रश्न," परीक्षक ऐला निस्कानेन म्हणाल्या. "तुमच्या लहानपणाचे. याला गुण नाहीत. तुमची जगलेली आठवण कशी दिसते, ते यंत्राला कळलं पाहिजे. दोन तरी हिरवे हवेत, नाहीतर परीक्षा इथेच थांबते."

हेमांगीला हे माहीत होतं. गेल्या वेळी ती याच प्रश्नांना अडखळली होती, म्हणून निनादने घरी तयारी करून घेतली होती.

"नदीचं उत्तर बसवून टाक," तो म्हणाला होता. "नेहमी नदी नाहीतर डोंगर विचारतात."

"माझ्या नदीचं काय बसवायचं?"

"अगं, तिथे गडबडलीस की पुढचं सगळं गडबडतं. तीन वाक्यं कर. रोज सकाळी म्हणत जा. मी ऐकतो."

अकरा महिने ती रोज सकाळी चहा गाळताना ती तीन वाक्यं म्हणत होती. ईरालाही ती पाठ झाली होती.

"तुमच्या गावाजवळच्या नदीविषयी सांगा."

"गडहिंग्लजची हिरण्यकेशी," हेमांगी म्हणाली. "घाटाच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ असायचं. मी आजोबांचं बोट धरून पाण्यात पाय बुडवायचे."

पिवळा दिवा लागला.

हेमांगी त्याच्याकडे पाहत राहिली. ऐलांनी कागदावर खूण केली आणि शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. "शाळेत जाताना पायात काय असायचं?"

याची तयारी नव्हती. "एक चप्पल माझी आणि एक बहिणीची. एकदा घाईत तशीच घालून गेले होते. प्रार्थनेला सगळ्या मुली खाली बघून हसत होत्या."

हिरवा. तिसऱ्यालाही हिरवा लागला आणि परीक्षा सुरू झाली.

राजधानीला पिवळा. स्वातंत्र्यदिनाला हिरवा, कारण सहा डिसेंबरला खिडकीत दोन मेणबत्त्या लावताना तिचं बोट भाजलं होतं. दोन राजभाषांना हिरवा. ती घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करायची आणि तिचा एक रुग्ण, म्हातारा योहान, आभार फिनिशमध्ये मानायचा आणि शिव्या स्वीडिशमध्ये द्यायचा. राष्ट्राध्यक्षाची मुदत सहा वर्षं, पिवळा. नऊ प्रश्न झाले तेव्हा हिरवे पाच होते.

"शेवटचा. देशाचं क्षेत्रफळ किती?"

आकडा हेमांगीला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता. तीच अडचण होती.

"आकडा सांगावाच लागेल?"

"त्याशिवाय उत्तर बरोबर धरता येत नाही," ऐला म्हणाल्या. "तुम्ही थांबल्यावर दहा सेकंदांनी दिवा पक्का होतो. तोपर्यंत बोलू शकता."

"सुमारे तीन लाख अडतीस हजार चौरस किलोमीटर."

पिवळा.

"पण ते वाढतं," हेमांगी घाईने म्हणाली. "हिमयुगातल्या बर्फाचं ओझं गेलं, म्हणून इथली जमीन अजून वर येते आहे. वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर." दिवा पिवळाच. हेही पुस्तकातलं होतं. तिने डोळे मिटले. "योहानच्या वडिलांनी पाण्याला लागून होडीघर बांधलं होतं. आता ते गवतात आहे. योहान दर जूनमध्ये खडकावर पाण्याच्या पातळीची रेघ रंगवतो. त्याचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून तीन वर्षं मी रंगवते. पालथं पडून. पोटाला खडक गार लागतो, लाल रंग बाहीला लागतो, आणि हा वरून ओरडत असतो, सरळ काढ, नर्सबाई, सरळ काढ."

ती थांबली. सातव्या सेकंदाला पिवळा विझला आणि हिरवा लागला. दहाव्यालाही तो हिरवाच होता.

"अभिनंदन," ऐला म्हणाल्या आणि त्यांनी निकालाचा कागद पुढे केला.

बाहेरच्या बाकावर बसून हेमांगीने निनादला फोन लावला.

"झालं?"

"झालं. सहा."

निनाद म्हणाला, "काठावर का होईना. बघ, मी म्हणत होतो ना, पाठांतर वाया जात नाही."

फोन ठेवून तिने कागद पाहिला. अगदी वर, बारीक अक्षरांत, 'नदी' आणि पुढे पिवळा ठिपका. तिने घाट आठवून पाहिला. गडहिंग्लजची हिरण्यकेशी. घाटाच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ असायचं. वाक्यं एकामागून एक आली. ती शेवटच्या पायरीपर्यंत गेली आणि पाय पाण्यात घातला. पाणी गार होतं की कोमट, ते कळेना. आजोबांच्या बोटाला तंबाखूचा वास असायचा की नाही, तेही सांगता येईना.

ती उठली आणि पुन्हा खोलीत गेली. ऐला पट्टी पुसून पुढच्या उमेदवारासाठी ठेवत होत्या.

"काही राहिलं का?"

"पहिला प्रश्न," हेमांगी म्हणाली. "तो पुन्हा विचाराल?"

"त्याला गुण नाहीत, हेमांगी. तुम्ही पास झाला आहात."

"माहीत आहे." तिने पट्टीकडे हात पुढे केला. "पण या वेळी दुसरं काहीतरी विचाराल का? त्याच नदीचं, पण मी कधीच कुणाला न सांगितलेलं?"