शेपटीला कोण होतं

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. नावं तेवढी बदलली आहेत, कारण ज्याच्यावर हे बेतलं त्याने अजून बायकोला काही सांगितलेलं नाही. मला सांगितलं, तेही कंपनीच्या बसमध्ये, खाली मान घालून.

त्याला आपण रणजीत म्हणू. बायकोला तनुजा.

रणजीत महाळुंग्याचा, पिढ्यान् पिढ्या तिथलाच. आजोबांच्या शेतात आता कारखाना उभा आहे आणि हा गडी शेजारच्या कारखान्यात शिफ्ट करतो. सायकलचं भलतं वेड. आमच्या कंपनीचा रविवारचा सायकल ग्रुप आहे, त्यात याचा रुबाब विचारू नका!

तनुजाला सायकल त्यानेच शिकवली, लग्नानंतर. पण एकदा कंपनीच्या रस्त्यावर मागून कंटेनरने हॉर्न दिला आणि ती दचकून पडली. गुडघा चांगलाच फुटला. तेव्हापासून मागे कुणी असल्याशिवाय ती सायकलवर बसायची नाही. रणजीत मागे राहायचा, पण स्वभाव उतावळा. सारखं आपलं, "चल की! पाय हालव! मुंगी बी पुढं गेली!"

मागच्या जानेवारीत ग्रुप कोकणात गेला. रायगडच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव. नाव नाही सांगणार.

शालनबाई नावाच्या आजींच्या घरी मुक्काम होता. रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर सोपी गोल फेरी ठरली. आजींच्या फाटकातून निघायचं, सुपारीच्या वाड्यांमधून समुद्राकडे, तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने खाडीपर्यंत आणि वळसा घालून परत त्याच फाटकात. चढ नाही, गाड्या नाहीत. अगदी डाव्या हातचा मळ.

ग्रुपचा एक नियम आहे. सगळ्यांच्या शेवटी एक पक्का सायकलवाला राहतो. त्याला आम्ही शेपटी म्हणतो. शेपटीच्या मागे कुणी नसतं. आणि शेपटी कुणाला मागे टाकून जात नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

त्या दिवशी शेपटी रणजीत होता. त्याच्या पुढे तनुजा.

"मागं वळून बघायचं न्हाई," तो तिला म्हणाला. "बघितलंस की हँडल वळतं. मी हाय मागं."

"नक्की ना? नाहीतर जाल मला सोडून."

"खुळी का काय? नवरा हाय मी तुझा."

बाकीचे केव्हाच दिसेनासे झाले. किनाऱ्याचा रस्ता लागला. एका बाजूला सुरूची झाडं, त्यापलीकडे समुद्र. वाऱ्याने रस्त्यावर रेती पसरलेली. तनुजा पुढे तिच्या चालीने चालली होती, हा मागे वैतागत होता.

आणि तेवढ्यात...

ट्रिंग.

मागून सायकलची घंटी वाजली.

गावातलं कुणी असेल म्हणून रणजीत कडेला सरकला. कुणीच पुढे गेलं नाही. त्याने वळून पाहिलं.

रस्ता मोकळा होता.

थोडं पुढे गेल्यावर परत... ट्रिंग. आता अगदी जवळ.

"तू वाजवलीस का गं?" त्याने विचारलं.

"माझ्या सायकलला कुठे घंटी आहे?" तनुजा पुढे बघतच म्हणाली. याच्या सायकलला तर नव्हतीच. घंटीने म्हणे वजन वाढतं!

मग त्याच्या लक्षात आलं... समुद्राचा आवाज येत नव्हता.

लाटा दिसत होत्या. फुटत होत्या. आवाज नव्हता.

त्याने ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि मागे पाहिलं. रेतीत तनुजाच्या चाकांची रेघ होती. शेजारी त्याच्या चाकांची.

आणि दोन्हींच्या मधून... तिसरी.

जाड टायरची. ओली. आत्ताच कुणी पाण्यातून सायकल काढून आणावी तशी. ती रेघ लांबून वळत वळत आली होती आणि त्याच्या मागच्या चाकापाशी येऊन थांबली होती.

त्याच्या डोळ्यांदेखत ती पुढे सरकली. हळूच. त्याच्या पायाला गार वारा घासून गेला आणि ती रेघ त्याला ओलांडून तनुजाच्या मागे लागली.

रणजीतची पाचावर धारण बसली.

आता तुम्ही म्हणाल, नवरा आहे, ओरडला असेल, धावला असेल तिच्याकडे.

नाही हो.

डावीकडे, समुद्राच्या उलट बाजूला, सुपारीच्या वाड्यांमधून गावात जाणारी पायवाट होती. त्याने हँडल वळवलं आणि जीव घेऊन पळाला. शेपटीनेच शेपूट घातलं. आणि वळताना त्याने एकदा मागे पाहिलं होतं. तनुजाची पाठ दिसत होती, ती तिच्याच तंद्रीत चाललेली. तिच्यामागे ती ओली रेघ लांबत होती. हे त्याने धडधडीत पाहिलं... आणि तरी पळाला.

हे सांगताना बसमध्ये त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोंडातून हाक बी निघाली न्हाई रं," म्हणाला. "तिचं नाव बी आठवंना मला."

आजींच्या घराअलीकडे एक वळण आहे. तिथे येऊन तो थांबला. आत कुठल्या तोंडाने जाणार? ग्रुपमधली पोरं विचारतील, वहिनी कुठे? मागे जायला पाय उचलत नव्हते. मग त्याने जे केलं त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तो कुंपणाआड लपला. तनुजा आली की गुपचूप तिच्या मागे लागायचं, जणू पहिल्यापासून मागेच होतो!

बराच वेळ गेला. त्याने येतील तेवढ्या देवांची नावं घेतली.

मग तनुजा आली.

धडधाकट. चेहरा फुललेला. आणि ती... बोलत होती. पुढे बघत, हसत, मागच्या कुणाशी तरी.

मागे कुणी नव्हतं.

ती वळणावरून गेली. आता रणजीतने तिच्या मागे लागायचं होतं. पण तिच्या अगदी मागच्या त्या मोकळ्या जागेत घुसायची त्याची छाती झाली नाही. त्याने ती जागा आधी पुढे जाऊ दिली. मग निघाला.

तो पोचला तेव्हा आजींनी फाटक लावून घेतलं होतं.

"अगो बाई! तुम्ही बाहेरच?" आजी चक्रावल्या. "मला वाटलं, तिच्या मागून आत आले ते तुम्हीच."

ओसरीवर तनुजा पाणी पीत होती. याला बघून उठलीच.

"अहो, आज एकदासुद्धा ओरडला नाहीत माझ्यावर! किती छान बोलत होतात मागून. आवाज तेवढा बसलाय तुमचा, खारं वारं बाधलं वाटतं."

"काय... काय बोललो मी?"

"घ्या! लगेच विसरलात? म्हणालात, हळू चल, घाई नाही. पडलीस तरी मी आहे. तुझ्या घरापर्यंत येतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. "व्हय," एवढंच म्हणाला तो. सगळं श्रेय घेऊन मोकळा झाला.

आता तनुजा रोज संध्याकाळी महाळुंग्याच्या रस्त्यावर एकटी सायकल चालवते. कंटेनर कानाशी भोंगा वाजवत जातात, ती दचकत नाही. मागे वळून बघत नाही. नवऱ्याला मागे ये म्हणत नाही. मधूनच ओठ हलताना दिसतात. रणजीतने एकदा विचारलं, तर म्हणाली, "सवय लागली हो मला, त्या दिवसापासून."

मी त्याला म्हटलं, "भावा, सांगून टाक तिला. काय मागे लागून घरी आलंय कुणास ठाऊक! तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

"सांगायचं म्हंजे मी पळालो ते बी सांगावं लागंल."

"मग सांग. चिडेल, रडेल, चार दिवस बोलणार नाही."

तो अगदी हळू आवाजात बोलला.

"तेचं न्हाई रं काय. सगळं ऐकून ती म्हणाली, असू दे, तोच राहू दे मागं... तर मी काय करू?"

त्याचा स्टॉप आला आणि तो उतरून गेला.