माय ऑपरेशनच्या खोलीत आली होती

हे माझ्यासोबत घडलंय. पटत नसेल तर वाचू नका. मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटते, म्हणून लिहून राहिलो.

१२ डिसेंबर २०२४. हिंगोलीतला एक खासगी दवाखाना. रात्र न्हाई, दिवसाचे अकरा. बाहेर लख्ख ऊन.

माझ्या किडनीत खडा होता. कमरेत सुई दिली, खालचं सगळं बधिर. डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनं दुर्बीण आत नेली. लेझर चालू झाला.

टक... टक... टक...

पडद्यावर खड्याची भुकटी होताना दिसत होती. इतकं सोपं होतं हे.

दोन वर्षांमागं माझ्या मायला, भिकाबाईला, हीच तकलीफ होती. थोरली बहीण चतुराक्का भांडली, "जळबा, मायला हिंगोलीला ने. लेझरनं काढतेत."

पण गावाकडं, कुरुंद्यात, माझी हळद शिजून राहिली होती. कढई सोडून कोण जाणार? मी मायला गावाजवळच्या एका बाबाकडं नेलं. तो कुशीला तोंड लावून खडा ओढायचा.

माय डोळे मिटून पडली. बाबानं आधीच स्वतःच्या जिभेखाली गारगोटी ठेवली होती.

मी बघितलं. गप्प बसलो.

"जळबा, निघाला का रे खडा?"

"निघाला, माय. आता कण्हू नको."

ती कण्हली न्हाई. अंगात ताप दाबून पडून राहिली. नवव्या दिवशी गेली.

...आणि त्या खोलीत नर्स एकदम दाराकडं वळली.

"ओ आजी! आत कुठं आलात? बाहेर व्हा!"

दार बंद होतं.

डॉक्टरांनी लेझर थांबवला.

माझ्या कानाशी गरम श्वास...

"निघाला का रे खडा?"

"कोण बोललं?" डॉक्टरांनी विचारलं.

नर्स दाराची कडी बघायला गेली.

मला बाहेर आणलं. अक्का बाकड्यावर बसली होती. आता सांगायचंच, असं ठरवलं.

"अक्का, त्या बाबानं..."

"गारगोटी तोंडात ठेवली व्हती. तू बघितलंस. अन् गप बसलास."

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

अक्का बाजूच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली.

"आत्ता सांगून उठली. म्हणली... जळबाला बोलू नको. लेकरू हाय."

अक्का त्या दिवसापासून माझ्या दारात आली न्हाई. ते बराबर केलं तिनं.

पण मायनं शिव्या घालायला पाहिजे होत्या. एक तरी.