कौशल्याकाकूंचा नंदादीप

सकाळी ऋतुजाने कौशल्याकाकूंचं दार किल्लीने उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. देवघरापुढे एक अनोळखी तरुण बसला होता... हातात तेलाची बाटली.

"कोण तुम्ही? काय करताय इथे?"

"तेल घालून राहिलो," तो दचकून म्हणाला. "मी सुदर्शन. वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. काकूंनी किल्ली दिली."

"मलाही दिलीये!"

"हो. समोरची ऋतुजा विसरभोळी आहे, म्हणून तूही बघ, म्हणाल्या."

ऋतुजाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. काकू ऐन नवरात्रात पाय घसरून पडल्या होत्या, आणि दवाखान्यात प्लास्टर घालतानाही त्यांना घोर होता तो घटापुढच्या नंदादीपाचा. दसऱ्यापर्यंत तो विझता कामा नये!

सकाळी तिने बघायचं, संध्याकाळी त्याने, असं ठरलं. पण ऑफिसातून येताना तिला वाटलं, एकदा डोकावून यावं. सकाळी तोही 'सहज' आला. खाली बिबवेवाडीच्या रस्त्यावरचे हॉर्न, आत झेंडूचा आणि तिळाच्या तेलाचा वास... आणि त्याच्या पापण्यांवर हलणारा पिवळा उजेड.

तो काडीने वातीची काजळी अलगद झाडायचा.

"हे कुठे शिकलात?"

"आईकडे. वर्ध्याला आमच्या घरी बुद्धमूर्तीपुढे ती रोज दिवा लावते." त्याने काडी खाली ठेवली. "काकूंना माहीत आहे. म्हणाल्या, हात धुऊन ये, बाकी मला काय करायचंय?"

ऋतुजा हसली. आपले बाबा मात्र काय म्हणतील, असं तिच्या मनात आलं... आणि हे आपल्या मनात का यावं, म्हणून ती एकटीच लाजली.

अष्टमीच्या संध्याकाळी अचानक वारा सुटला. ज्योत आडवी झाली. दोघांनी एकदमच हातांचा आडोसा केला, बोटांना बोटं लागली.

"अरे, खिडकी लाव ना!"

"कशी लावू? हात काढला तर विझेल."

"मग... राहू दे."

वारा कधी पडला, दोघांनाही कळलं नाही.

"आज 'अहो' राहिलं," तो हळूच म्हणाला.

दसऱ्याला काकू घरी आल्या. दिवा तेवत होता. त्यांनी दोन्ही किल्ल्या परत घेतल्या आणि तेलाचा डबा हलवून पाहिला.

"एका दिव्याला एवढं तेल? दोघं मिळून फारच काळजी घेतलीत!"

मग भेटायला निमित्तच उरलं नाही. जिन्यात नुसतंच हसणं, काहीतरी बोलायचं राहून जाणं... शेवटी एकदा सुदर्शनने कठडा घट्ट धरला.

"उद्या आश्विन पौर्णिमा. मी खोलीवर दिवा लावतो, बुद्धवंदना म्हणतो. येशील?"

"घरी सांगून येईन."

"काय सांगशील?"

"खरं ते."

दुसऱ्या संध्याकाळी चंद्र वर आला तरी ती आली नाही. मग दारात पावलं वाजली. तिचे डोळे सुजले होते.

"रडलीस?"

"थोडीशी. बाबा खूप बोलले. पण मी निघताना म्हणाले, गच्चीवर कोजागरीचं दूध आटतंय, त्यालाही घेऊन ये... बघू तरी."

सुदर्शनने काडी पेटवली. वातीने ज्योत धरली.

"ऋतुजा, मला तुला काहीतरी..."

"माहितीये," ती म्हणाली. "तरी सांग."